वाकड्या जबड्याची

अण्णासाहेब थोरबोल्यांनी स्वतःच्या हातानं चादर ओढली आणि बाजूला होऊन ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. शालू उलगडून दाखवणारा दुकानदार बघतो तसे.

चबुतऱ्यावर मेंढीएवढ्या जनावराचा सांगाडा उभा होता. पोपटासारखी चोच, डोक्यामागे मानेवर पसरलेली हाडाची ढाल, आखूड पाय, जाड शेपूट. आणि नाकावर, जिथे नुसता उंचवटा असायला हवा तिथे, वीतभर लांबीचं तुकतुकीत शिंग.

"कसं काय, मॅडम?"

"हे शिंग कुठून आलं?" मी विचारलं.

"ते होय? ते आम्ही बसवून घेतलं. पेणहून माणूस आणला होता, गणपती करणारा. हात बघा त्याचा, जोड दिसतोय का कुठं?" अण्णासाहेब खूश होते. "सर म्हणाले, हा शिंगवाल्या डायनासोरांच्या कुळातला. म्हटलं, मग शिंग कुठाय? तर म्हणे, याला नव्हतंच. आता उद्घाटनाला मंत्री येणार, शाळांच्या सहली येणार. त्यांना शिंगवाला म्हणून बिनशिंगाचा दाखवू?"

शेजारी उभे असलेले आपटीकर सर हसले. "मी सांगून बघितलं गं, हेमा. प्रोटोसेराटॉप्स म्हणजे शिंगं यायच्या आधीचा शिंगवाला. पाला खाणारा, गरीब प्राणी. पण अण्णासाहेबांना तो रागीट हवा होता."

साताऱ्याच्या अलीकडे, हायवेपासून आत एका माळावर अण्णासाहेबांची कॉलेजं पसरलेली होती. इंजिनिअरिंग, फार्मसी, डी.एड. आता त्यात हे विज्ञान भवन. भिंतींना नुकता रंग दिला होता, फरशीवर सिमेंटचे डाग होते.

मी चबुतऱ्याजवळ गेले. वाकून खालच्या जबड्याची डावी बाजू पाहिली. मग डोळ्याच्या खोबणीमागे बोट फिरवलं. तिथल्या बारीक भेगेवरून ते एकदा पुढे नेलं, एकदा मागे आणलं.

"काय गं?" सर म्हणाले.

"काही नाही. प्रवासानं डोकं दुखतंय."

"जेवून घेऊ या. मग बोलू."

सरांमुळे मी या कामात आले होते. आमचं सटाण्याला किराण्याचं दुकान. एम.एस्सी. झाल्यावर वडिलांनी स्थळं बघायला घेतली, तेव्हा सर पुण्याहून एस.टी.नं सटाण्याला आले, दुकानातल्या पोत्यावर बसले आणि वडिलांना म्हणाले, "कोठावदे, या मुलीचा हात मला द्या. दगडातून हाड सोडवायला असा हात लागतो." त्यांनीच मला पुण्यातल्या संस्थेत घेतलं, त्यांनीच मंगोलियाला शिकायला पाठवलं. वडील गेले तेव्हा भावाच्याही आधी सरांचा फोन आला होता. त्यांनी बोलावलं आणि मी का म्हणून विचारलं, असं कधी झालं नव्हतं. त्या दिवशीही मी काही न विचारता गाडी काढून त्यांना घेऊन आले होते.

जेवण अण्णासाहेबांच्या बंगल्यावर होतं. सरांना वेगळं साधं ताट, आम्हाला मटण. अण्णासाहेबांनी रश्श्यात भाकरी कुस्करता कुस्करता विषय काढला.

"एक अडचण आहे, मॅडम. साताऱ्यातल्या एका वार्ताहराच्या हाती फोटो लागलाय. विचारतोय, हे खरं असेल तर हिंदुस्थानात आलं कुठनं आणि कसं. उद्घाटनाला तुम्ही स्टेजवर असणार. तुम्ही एवढंच सांगायचं, ही प्रतिकृती आहे. प्लास्टरची. हुबेहूब."

"आणि खरं काय आहे?"

"खरं काय ते आपण जेवतोय तेवढ्यांना माहीत असलं म्हणजे झालं."

"फार खोटं नाही त्यात," सर म्हणाले. "निम्म्या फासळ्या प्लास्टरच्याच आहेत. मूळच्या वाटेत फुटल्या. तू मंगोलियात शिकून आलीस, हेमा. तुझ्या शब्दाला वजन आहे. तू म्हणालीस की विषय संपला."

"आणि संग्रहालयाच्या संचालक तुम्हीच," अण्णासाहेब म्हणाले. "क्वार्टर देतो, गाडी देतो. सरांचं नाव या इमारतीला, त्यांची शिष्या संचालक. शोभून दिसेल."

ते ताट उचलून समोरच्या भिंतीवर फेकावं असं मला वाटलं. पण मी इथे आवाज चढवला तर संध्याकाळच्या आत चबुतरा रिकामा होईल, हे मला दिसत होतं. मी घास गिळला. पाणी प्यायले.

"एक अट आहे," मी म्हटलं. "ते शिंग काढायचं. पेपरात फोटो आला की जाणकार माणूस पोट धरून हसेल. आणि ते इथे ओढून काढलंत तर नाकाचं हाड निघून येईल. मला डोकं पुण्याला, माझ्या टेबलावर हवं."

अण्णासाहेबांनी सरांकडे पाहिलं.

"तिचं बरोबर आहे," सर म्हणाले. "हात तिचाच हवा."

डोकं सळईवर नुसतं टेकवलेलं होतं. दोन गवंड्यांनी ते उतरवलं, गोधडीत गुंडाळलं आणि माझ्या मारुतीच्या मागच्या सीटवर ठेवलं. अण्णासाहेबांनी निघताना मला शाल आणि नारळ दिला. मी वाकून नमस्कार केला. तो नमस्कार आठवला की आजही माझं अंग जळतं.

गाडी हायवेला लागली. सरांनी सीट मागे केली, चष्मा पुसला. खंबाटकीचा बोगदा ओलांडेपर्यंत ते कुठल्याशा परिसंवादाबद्दल बोलत होते. बोगद्यातून बाहेर आल्यावर म्हणाले, "ओळखलंस ना?"

"बघताक्षणी."

न ओळखायला काय झालं होतं? मंगोलियात वाळवंटाच्या कडेला एक लहानसं गाव आहे. तिथल्या संग्रहालयात एक अख्खा हिवाळा मी आणि ओयुना या एकाच जनावरावर वाकून बसलो होतो. ओयुना तिथली साहाय्यक, माझ्याच वयाची. बाहेर थंडीनं डोळ्यांतलं पाणी गोठायचं आणि आत आम्ही दाताच्या डॉक्टरसारख्या सुया घेऊन दगडाचा एकेक कण काढायचो. सात-साडेसात कोटी वर्षांपूर्वी वाळूखाली गाडलं गेलेलं ते जनावर. त्याचा डावा जबडा जिवंतपणीच कधीतरी मोडला होता आणि वाकडा जुळून आला होता. म्हणजे मोडल्यावरही ते जगलं होतं, एका बाजूनं पाला चावत. ओयुना त्याला तिच्या भाषेत आजी म्हणायची. डोळ्यामागची भेग मी भरली होती. तिथला रंग जमेना म्हणून मी चार वेळा काढून पुन्हा भरली होती. आपण बुजवलेली भेग बोटाला कळते.

मी परत आल्यावर दोनेक वर्षांनी ते जनावर कोठारातून चोरीला गेलं. कोठाराची किल्ली ओयुनाकडे असायची. तिला काढून टाकलं. खटला उभा राहिला नाही, पण गावानं निकाल दिला. ती आईला घेऊन राजधानीत गेली आणि बाजारात कपडे विकायला लागली, पण बोभाटा तिथल्या शेजाऱ्यांपर्यंतही पोचला. मी सरांना म्हटलं होतं, ओयुना असं करणारच नाही, आपण तिकडे पत्र लिहू या. सर तेव्हा म्हणाले होते, "गरिबी माणसाकडून काय काय करून घेते, हेमा. तिनंच विकलं असेल. तू त्यात पडू नकोस."

"कुणी आणलं?" मी विचारलं.

"माझा हात लागलेला नाही. माणसं अण्णासाहेबांची, वाट त्यांची. मी फक्त कुठे आहे ते सांगितलं." सर शांतपणे बोलत होते. वर्गात बोलायचे तसेच. "मी एक पैसा घेतला नाही, हे लक्षात ठेव. जन्मभर मी मुलांना फळ्यावर खडूनं चित्रं काढून शिकवलं. खरा सांगाडा दाखवायला एक नाही. तिथे असे कितीतरी धूळ खात पडलेत. एक इकडे आला, हजार मुलं बघतील. काय बिघडलं?"

"ओयुनाची नोकरी गेली."

"वाईट झालं. मलाही वाटलं वाईट. पण तरुण आहे ती."

"तिनंच विकलं असेल, असं तुम्ही मला म्हणाला होतात."

"तू तेव्हा फार प्रश्न विचारत होतीस," सर म्हणाले.

मी पुढचा ट्रक मागे टाकला.

"मी तुला आज मुद्दाम आणलं," ते पुढे म्हणाले. "फोटो छापून आला की तू ओळखणारच होतीस. त्यापेक्षा घरच्या माणसाला आधीच विश्वासात घेतलेलं बरं. आणि खरं सांगू का, ते कोठार मला दाखवलं कुणी? मी तिकडे आलो होतो तेव्हा तूच हौसेनं घेऊन गेलीस. दाराचं कुलूप कसं नुसतं ओढलं की निघतं, त्यावर तुम्ही दोघी हसत होता. आता एवढी रागावतेस, पण सुरुवात तुझ्यापासूनच आहे."

शिरवळ आलं. मी गाडी हायवेवरून खाली घेतली आणि एस.टी. स्टँडसमोर थांबवली.

"चहा घ्यायचा का?" सर म्हणाले.

"उतरा."

"काय?"

"इथून पुण्याच्या गाड्या मिळतात. उतरा, सर."

"हेमा, मला मधुमेह आहे. ऊन बघ किती आहे."

"स्टँडवर सावली आहे. कँटीन आहे. उतरा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी आपल्याशी असं बोलू शकते, हे त्यांना खरंच वाटत नव्हतं. मग त्यांनी दार उघडलं आणि दाराला धरून हळूहळू उतरले. गोळ्यांची डबी डॅशबोर्डवर राहिली होती, ती मी खिडकीतून त्यांच्या हातात दिली. "मी तुझ्यासाठी सटाण्याला आलो होतो," ते म्हणाले. मी गिअर टाकला.

पुण्यात शिरल्यावर घरी न जाता मी डोकं घेऊन सरळ पोलिसांकडे गेले. तिथल्या साहेबांनी गोधडी उघडून पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे दगडाची चोरी झालीय, असं म्हणणं आहे का तुमचं?" मी सांगत राहिले. ते लिहून घेत राहिले. दुसऱ्या दिवशी अण्णासाहेबांची तक्रार येऊन धडकली: आमच्याकडची वस्तू प्लास्टरची, या बाईंनी मंगोलियातून येताना काय आणलं ते आम्हाला माहीत नाही. सरांनी त्याला दुजोरा दिला. लेखी, सहीनिशी. तिथे शिकायला गेलेली मी, डोकं सापडलं माझ्या गाडीत. पोलीस माळावर पोचले तोवर चबुतऱ्यावर प्लास्टरचा नवाकोरा सांगाडा उभा होता आणि त्याला पेणच्या कारागिराचं शिंगवालं डोकं बसलेलं होतं. मंत्र्यांनी ठरल्या दिवशी फीत कापली.

संस्थेनं मला निलंबित केलं. भाऊ म्हणाला, सरांचे पाय धर आणि मिटवून टाक. ज्या विद्यार्थ्यांना मी शिकवलं होतं ते जिन्यात भेटले की मोबाइल काढून त्यात बघायचे. मी कुणाचे पाय धरले नाहीत. भेग भरताना मी काढलेले फोटो माझ्याकडे होते, ओयुनाकडेही होते. मंगोलियाच्या दूतावासानं मनावर घेतलं, तेव्हा कुठे वर्षभरानं कागद हलले आणि माझ्यावरचा आळ गेला. डोकं परत द्यायचं ठरलं. धड आजतागायत सापडलेलं नाही. अण्णासाहेबांना काही झालं नाही. सरांनाही नाही. आपल्याला काही आठवत नाही, असं ते म्हणाले आणि त्यांच्या वयाकडे बघून कुणी पुन्हा विचारलं नाही.

डोकं ओळखून ताब्यात घ्यायला कुणीतरी हवं होतं. जिला हाकललं तिच्याशिवाय ओळखणारं तिथे कुणी नव्हतं. त्यांनी ओयुनालाच पाठवलं.

ती माझ्या गळ्यात पडली नाही. सरकारी कार्यालयातल्या टेबलावर पेटी उघडली गेली, तेव्हा तिनं आधी वाकड्या जबड्यावर हात ठेवला, मग नाकावर. परत द्यायचं ठरल्यावर शिंग मीच काढून दिलं होतं, पण त्याखालचं हाड थोडं तुटलंच होतं. ती त्या जागेकडे खूप वेळ बघत राहिली.

"बाकीची कुठे आहे?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"माहीत नाही."

"तुझे सर कुठे राहतात?"

कर्वेनगरात, सरांच्या फ्लॅटचं दार कालिंदीकाकूंनी उघडलं. सरांच्या पत्नी, मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या. मी पूर्वी त्या घरात आठवड्यातून दोनदा जेवायची. त्या दिवशी काकू दार अडवून उभ्या राहिल्या.

"आता आणखी काय राहिलंय, हेमा? त्यांच्या नावाला काळं फासून झालं ना तुझं?"

"ही ओयुना आहे, काकू. लांबून आली आहे. तिला सरांशी बोलायचंय. मी नुसती सोबत आले."

पाहुणीला दारातून परत पाठवणं काकूंना जमलं नाही. त्या बाजूला झाल्या. सर आरामखुर्चीत पेपर वाचत होते. ओयुनाला पाहून उठायला लागले, मग तसेच बसले. "तुमची वस्तू परत जातेय, मला आनंद आहे," ते इंग्रजीत म्हणाले.

ओयुना समोर बसली. तिनं मोबाइल काढून माझ्याकडे दिला. "माझ्या आईचा नंबर लाव. मोठ्या आवाजावर ठेव." मग सरांना म्हणाली, "माझी आई तीन वर्षं शेजाऱ्यांकडे मान वर करून बघत नाही. मी घेतलं नाही, हे तिला मी सांगून थकले. तुम्ही सांगा. तुम्ही इंग्रजीत बोला, मी तिला सांगते."

"हे काय चाललंय, हेमा?" सर मराठीत म्हणाले. "समजाव हिला."

मी नंबर लावला आणि फोन टीपॉयवर ठेवला. पलीकडून म्हातारा, चिरका आवाज आला. ओयुना तिच्या भाषेत दोन वाक्यं बोलली आणि सरांकडे बघत थांबली.

सरांनी घसा साफ केला. "त्यांना सांगा, तुमच्या मुलीनं ते घेतलं नव्हतं. माझी खात्री आहे."

ओयुनानं सांगितलं. पलीकडून लगेच एक छोटा प्रश्न आला.

"आई विचारतेय," ओयुना म्हणाली, "मग कुणी?"

सर पेपरची घडी घालायला लागले. काकू चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या, त्या तिथेच थबकल्या. इंग्रजी त्यांना पुरेसं कळत होतं. त्यांनी ट्रे जेवणाच्या टेबलावर ठेवला, सरांच्या समोरची खुर्ची ओढली आणि बसल्या.

"सांगा," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्या बाई वाट बघतायत."

"कालिंदी, तू यात पडू नकोस."

"वर्षभर मी या मुलीला दारात उभं केलं नाही, तुमच्या सांगण्यावरून. तुम्ही म्हणालात, ती खोटं बोलतेय. आता सांगा, मलाही ऐकू दे."

सरांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरून बसले. मग म्हणाले, "कोठार कुठे आहे, कुलूप कसं आहे, ते मी सांगितलं. माझ्या सांगण्यावरून नेलं."

ओयुनानं ते तुकड्या-तुकड्यानं फोनमध्ये सांगितलं. मग तो म्हातारा आवाज भराभरा काहीतरी बोलला, आणि फोन कुठेतरी ठेवल्याचा आणि पावलं लांब गेल्याचा आवाज आला.

"काय म्हणाल्या?" काकूंनी मला विचारलं. मी ओयुनाकडे बघितलं.

"शेजारणीला बोलवायला गेली," ओयुना म्हणाली. "म्हणाली, त्या माणसाला थांबव. हे त्यानं तिच्यासमोर पुन्हा सांगायचंय."

सर खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठायला लागले.

"बसा," काकू म्हणाल्या.